डोलणारा अजगर

मॉरिसव्हिलच्या त्या घरात मी तीन वर्षं भाडेकरू म्हणून राहिलो, पण पहिल्याच आठवड्यात घरमालकीण काकूंनी माझं ताट घरातल्या ताटांबरोबर मांडायला सुरुवात केली आणि भाडेकरू हा शब्द मागे पडला. विमानतळावर मला घ्यायला काका आले होते. माझ्या दोन्ही बॅगा त्यांनीच गाडीत टाकल्या आणि घरी पोचल्यावर, चहाच्याही आधी, मला आईला फोन करायला लावला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. वडील एस.टी.च्या डेपोत हेल्पर, आई चौथीपर्यंत शिकलेली. तालुक्याच्या गावातली शाळा, मग कृषी महाविद्यालय, आणि तिथून मक्याच्या आनुवंशिकतेवर पीएच.डी. करायला मी नॉर्थ कॅरोलायनात आलो होतो. कुणी मला माझ्या विषयातलं काही विचारलं आणि मला ते सांगता आलं, की मला अजूनही फार बरं वाटतं. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात या बरं वाटण्याचाही थोडा वाटा आहे.

घर तीन मजली होतं, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. वर झोपायच्या खोल्या, मधे स्वयंपाकघर आणि दिवाणखाना, सगळ्यात खाली गॅरेज आणि त्याच्या मागे एक खोली. त्या खालच्या खोलीत काका-काकूंच्या मुलीचे साप होते.

मुलगी अमेरिकेतच जन्मलेली, तेव्हा तेवीस वर्षांची. फार्मसीचं शिक्षण तिनं अर्ध्यात सोडलं होतं आणि ती पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम करत होती. काका एका टेलिफोन कंपनीत टेस्टिंगचे इंजिनिअर. मुलीनं कॉलेज सोडलं म्हणून ते कधी तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी तिच्याशी बोलणंच कमी केलं. मी राहायला आलो तेव्हा त्या दोघांचं बोलणं गाडीत पेट्रोल आहे का, उद्या किती वाजता निघणार, एवढ्यावर येऊन थांबलं होतं. खालच्या खोलीत काका जात नसत. काकू जात, पण दारापर्यंत. साप ठेवायला त्यांची एकच अट होती. सापांना खायला घालायचे गोठवलेले उंदीर त्यांच्या फ्रीजरमध्ये येता कामा नयेत. "माझ्या ओल्या नारळाच्या शेजारी उंदीर नकोत बाई," त्या म्हणाल्या होत्या, आणि लेकीनं गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीजर आणून ठेवला होता.

साप म्हणजे बॉल पायथन, आफ्रिकेतला एक ठेंगणा अजगर. घाबरला की डोकं मधे घेऊन अंगाची चेंडूसारखी गुंडाळी करतो. विष नाही, चावायची फारशी सवय नाही, म्हणून अमेरिकेत लोक तो हौसेनं पाळतात आणि वेगवेगळ्या रंगांची, नक्षीची पिल्लं काढतात. तिच्याकडे दोन होते. एक साधी, तपकिरी, चांगली जाडजूड मादी. दुसरा तरुण नर, सोनेरी अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा असलेला. फार देखणा होता. त्या नक्षीमागे तेव्हा लोक वेडे झाले होते. हा नर मात्र तिला असाच मिळालेला. तिच्या दुकानात येणाऱ्या, सापांची पैदास करणाऱ्या एका माणसानं तो मारून टाकायचं ठरवलं होतं, कारण त्याची मान स्थिर राहत नसे आणि त्याला भक्ष्य धड पकडता येत नसे. हिनं तो मागून घेतला आणि कित्येक महिने चिकाटीनं खाऊ घालून जगवला.

नागपंचमीला काकूंकडे बायका जमत. पाटावर गंधानं नागोबा काढायचे, लाह्या आणि दूध, जेवायला पुरणाचे उकडलेले दिंड. त्या दिवशी काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हा नेम काकू तिथेही पाळत. दोन हजार पाच सालच्या पंचमीला जमलेल्यांपैकी एका मावशींना कळलं की या घरात खरा साप आहे. मग ऐकतंय कोण. खरा असताना पाटावरचा कशाला, त्याला वर आण, असा सगळ्यांनी धोशा लावला. मुलीनं सांगून पाहिलं की हा नाग नाही, अजगर आहे, आणि तो दूधही पीत नाही.

"नको पिऊ दे. त्याच्या वाटचं आम्ही पिऊ," मावशी म्हणाल्या.

शेवटी ती त्या सोनेरी नराला हातावर घेऊन वर आली. आल्या आल्या त्यानं मान उचलली आणि ती मान डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे अशी हलायला लागली. मग मावशीच म्हणाल्या, "डोलतोय बघा."

आम्ही सगळ्यांनी लहानपणी गारुडी पाहिलेला. पुंगी वाजते, साप मान हलवतो, म्हणजे तो डोलतो, म्हणजे तो खूश आहे, हे आमच्या मनात इतकं पक्कं बसलेलं आहे की दुसरं काही सुचतच नाही. एखाद्या अमेरिकन शेजाऱ्यानं ती मान पाहिली असती तर याला काय झालंय, असं विचारलं असतं. आमच्या बायकांनी आरती सुरू केली. टाळ्या, निरांजन, एवढी माणसं, यांनी बिचकून तो आणखी डोलायला लागला, आणि तो जितका डोलला तितकी आरती रंगली. मीही टाळ्या वाजवत होतो.

काका सोफ्यामागे उभे होते. आरती संपल्यावर ते पुढे आले आणि धरू का, असं त्यांनी मुलीला विचारलं. तिनं अजगर त्यांच्या हातावर ठेवला आणि बापाचे हात आपल्या हातांनी नीट करत, कुठे आधार द्यायचा ते दाखवलं. दोघं एकमेकांच्या इतक्या जवळ उभे असलेले मी पहिल्यांदाच पाहिले. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या दिंडांचं भांडं उघडायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून काका ऑफिसातून आले की खाली जायला लागले.

त्याच आठवड्यात मी गॅरेजमधल्या मशीनमध्ये कपडे टाकत असताना मुलगी तिथे आली. मला ती काकूंच्या हुकमावरून दादा म्हणे, पण प्रत्येक वेळी थोडं चेष्टेत.

"दादा, तो डान्स नाही करत, यू नो दॅट, राइट?"

मग अर्ध्या इंग्रजीत आणि अर्ध्या मराठीत तिनं मला समजावलं. या नक्षीच्या सगळ्याच सापांत हा दोष कमीजास्त असतो. डोक्यातलं तोल सांभाळणारं काहीतरी बिघडलेलं असतं. काहींची नुसती मान हलते. काहींना वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही, ते उलटे होतात. नक्षी हवी असेल तर हे बरोबर येतंच. म्हणून हा नर ती फक्त सांभाळणार होती, त्याच्यापासून पिल्लं कधीही काढणार नव्हती. आणि हे बाबाला सांगू नकोस, असं तिनं मला बजावलं. तो रोज खाली येतोय, एवढंच कारण तिनं दिलं, आणि मला ते पुरेसं वाटलं. मी तसा शब्द दिला.

पण विषय माझा होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, नक्षीचा जीन आणि मान हलण्याचा जीन वेगवेगळे असतील, नुसते शेजारी शेजारी असतील, तर साध्या मादीशी पिढ्यान् पिढ्या संकर करत गेलं की ते सुटे होऊ शकतात. मक्यात आम्ही तसं करतो.

"एव्हरीबडी सेज दॅट," ती म्हणाली. "सगळे हेच म्हणतात, आणि मग अजून एक वर्ष पिल्लं काढतात."

हिवाळा जवळ आला तसा काकांना नवा नाद लागला. इंटरनेटवर वाचून वाचून त्यांनी सापांची पैदास कशी करतात ते सगळं शोधून काढलं होतं. पिकनिकला बर्फ न्यायचा जुना कूलर, त्यात तापणारी पट्टी, थर्मोस्टॅट, आणि तापमान जरा इकडेतिकडे झालं की वाजणारी घंटा, असं अंडी उबवायचं यंत्र त्यांनी स्वतः बनवलं. ते नीट चालतं का हे पाहायला त्यात पहिल्यांदा काकूंनी दही लावलं. दही इतकं छान लागलं की अंडी येईपर्यंत ते यंत्र काकूंचंच झालं. "साप बिप राहू देत, हे मला द्या," त्या म्हणत, आणि काका लहान मुलासारखे खूश होत.

एकदा जेवताना त्यांनी मला विचारलं, हा नर आणि ती साधी मादी, तर पिल्लांत जाळीची किती? मी जेवण थांबवून व्यवस्थित समजावलं. दोघांकडून काय काय येऊ शकतं, कोणतं कोणावर मात करतं, आणि सरासरीनं निम्मी पिल्लं जाळीची का निघतील. काका ऐकत राहिले आणि काकूंना म्हणाले, "बघ, याला म्हणतात शिकलेला माणूस." मी लाजलो. मुलगी सिंकजवळ ताट धूत होती. ते ताट ती बराच वेळ धूत राहिली.

एवढं झाल्यावर मात्र मला चैन पडेना. एका रविवारी गाडी धुताना मी काकांजवळ विषय काढला. मान हलणं हा या जातीतला दोष असतो असं मी ऐकलंय, असं म्हणालो.

"अरे, दोष कुणात नसतो? तुझाच एक खांदा खाली आहे," काका हसून म्हणाले. "म्हणून काय तुझ्या आईबापांनी तुला जन्माला घालू नये?"

मीही हसलो. माझा खांदा खरंच खाली आहे. आणि मुलीला दिलेला शब्दही होता. मी पाईप गुंडाळून ठेवला.

नर आणि मादी एकत्र ठेवायची वेळ आली तेव्हा मुलगी नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली नाही. मी तिला एकटीला गाठून कारण विचारलं. ती खूप वेळ मादीच्या डब्यातलं पाणी बदलत राहिली.

"काल बाबानं मला विचारलं, फार्मसी का सोडलीस," ती म्हणाली. "फर्स्ट टाइम, दादा. रागानं नाही. वायर जोडत होता आणि असंच विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं. आता मी नाही कसं म्हणू?"

मी मादीच्या डब्याचं झाकण लावून दिलं.

वसंतात मादीनं पाच अंडी घातली. पांढरी, मऊ कातड्याची, एकमेकांना चिकटलेली. काकांनी ती यंत्रात ठेवली आणि तिथून पुढे दोन महिने त्यांचं ऑफिसला जाणं, येणं, जेवणं, सगळं त्या घंटेच्या अवतीभवती फिरत होतं. संध्याकाळी बापलेक खाली दोन खुर्च्या टाकून बसत. कधी त्यांचं हसणं वरपर्यंत ऐकू येई. काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर शेंगा सोलत बसत. ते घर मी इतकं सुखी आधी पाहिलं नव्हतं. म्हणूनच त्या दिवसांची आठवण मला आजही नीट सोसत नाही.

एक अंडं वाया गेलं. जूनमधल्या एका शनिवारी उरलेल्या अंड्यांना चिरा पडल्या, त्यांतून इवल्या नाकपुड्या दिसल्या, आणि रविवारी दुपारपर्यंत चार पिल्लं बाहेर आली. एक साधं, तीन जाळीची. काकूंनी शिरा केला. काकांनी मला चिडवलं की तुझ्या हिशेबापेक्षा एक जास्तच आलं की रे. मी म्हटलं, इतक्या थोड्या पिल्लांत असं होऊ शकतं. मला त्या क्षणी खरोखर आनंद झाला होता.

मग पिल्लं धुऊन एकेका डब्यात ठेवताना आम्ही नीट पाहिलं. दोघांची मान बापासारखी हलत होती. तिसऱ्याची मान वळून पाठीकडे जायची, तिथून उलटी व्हायची आणि मळसूत्रासारखी फिरत राहायची. ते पाठीवर पडे, पोटावर यायला धडपडे, आणि पुन्हा पाठीवर जाई. काका हसले.

"हा तर सगळ्यांत भारी डोलतोय."

काकांनी त्याच्या हनुवटीखाली बोट धरलं. मान बोटावर थोडी टेकली. बोट काढलं की फिरायला लागली. त्यांनी पुन्हा धरलं, पुन्हा काढलं. मग ते माझ्याकडे वळले.

"थांबेल ना हे? मोठं झाल्यावर?"

मी मुलीकडे पाहिलं.

"नाही थांबणार, बाबा," ती म्हणाली. "मोठ्याचंही तेच आहे. तो डोलत नाही. कधीच डोलत नव्हता. त्याचा तोल जातो. या डिझाइनबरोबर हे येतंच."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं डब्याचं झाकण हातात घेतलं होतं. ते ती उगाच फिरवत राहिली.

"तू खाली यायला लागला होतास, बाबा."

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं काकू नंतर मला म्हणाल्या. त्यांनी पिल्लाला हलकेच डब्यात सरळ ठेवलं, ते पुन्हा उलटं झालेलं पाहिलं, आणि ते वर निघून गेले.

पहिली कात टाकेपर्यंत अजगराची पिल्लं खात नाहीत. कात टाकल्यावर मुलीनं त्या तिसऱ्याला भरवायचे सगळे प्रयत्न केले. त्याला भूक होती. ते उंदराच्या दिशेनं झेपावे आणि भलतीकडेच जाई, कधी आपल्याच अंगावर. शेवटी ती त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायला निघाली, तेव्हा काका गाडीत जाऊन बसले. मीही मागे बसलो. डबा काकांच्या मांडीवर होता. याला वेदना होतायत का, असं त्यांनी डॉक्टरीण बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की खरं सांगायचं तर ते मला सांगता येणार नाही, पण याला खाता येत नाही आणि सरळ राहता येत नाही, एवढं मला दिसतंय. कायमचं निजवायचं इंजेक्शन दिल्यावर ती मान कितीतरी वेळानं थांबली.

माझ्या प्रयोगाच्या शेतात मक्याची पांढरी रोपं उगवतात. त्यांच्यात हरितद्रव्य नसतं, ती आठ-दहा दिवसांत मरतात. ज्या संकरातून ती ठरावीक प्रमाणात येतात तो आम्ही मुद्दाम करतो. हिरवी किती, पांढरी किती हे मोजतो, आणि प्रमाण जुळलं की खूश होतो. त्या जूनपर्यंत निम्मी म्हणजे मला निम्मी एवढंच कळत होतं. रोपाला दुखत नाही, सापाला कदाचित दुखतं, हा फरक मी तेव्हाही सांगू शकलो असतो. पण त्या जेवणाच्या टेबलावर मला कुणी ते विचारलं नव्हतं, आणि जे विचारलं होतं ते मला इतकं छान येत होतं.

त्यानंतर काका खाली गेले नाहीत. मुलगी त्यांना बोलवायला वर आली होती, एकदा नाही, बऱ्याचदा. त्यांना त्या दिवशी काम असे. वर्षभरानं ती टेक्सासला, अर्विंगला गेली, जनावरांच्या दवाखान्यातलं काम शिकायला. साधं पिल्लू आणि मादी तिनं ओळखीत दिली. जाळीचे तिघे, बाप आणि दोन पिल्लं, तिला कुणाला द्यायचे नव्हते. ज्याला देऊ तो पुढे पिल्लं काढेल, असं ती म्हणाली. अर्विंगच्या तिच्या अपार्टमेंटमध्ये साप चालत नव्हते. म्हणून ते तिघे त्या घरातच राहिले. ती गेली त्या रविवारी त्यांना खायला घालायचा दिवस होता, आणि काका खाली गेले.

पीएच.डी. संपवून नोकरीला लागल्यावर, दोन हजार आठमध्ये, मी पेढे घेऊन काका-काकूंना भेटायला गेलो. काकूंनी पेढा तोंडात घालून जिन्याकडे बोट दाखवलं. काका खाली स्टुलावर बसले होते. लांब चिमट्यात उंदीर धरून ते तो त्या नराच्या तोंडासमोर अगदी स्थिर ठेवत होते. नर मान हलवत हलवत नेम धरायचा आणि चुकायचा. मी शेजारी बसलो. मुलीचं काम छान चाललंय, फोन येतो, सापांबद्दल अर्धाअर्धा तास बोलणं होतं, असं त्यांनी सांगितलं. दुसरं काही निघत नाही, असंही ते म्हणाले.

"ते एक पिल्लू मला राहून राहून आठवतं," ते म्हणाले. "मला लेकीजवळ बसायला काहीतरी कारण हवं होतं, म्हणून आणलं मी ते जगात. नुसतं जाऊन बसता आलं नसतं का रे मला?"

तुम्हाला कुठे माहीत होतं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांनी ते विचारलं नव्हतं. नरानं पुन्हा झेप घेतली, ती चिमट्याच्या बाजूनं निघून गेली. काकांनी हात मागे घेतला नाही.